तिसऱ्या खेपेला

मला भीती वाटली की मी कामं ठरवायला लागते. आधी काय, मग काय, सोबत काय घ्यायचं, घरी कोणाला काय सांगायचं. माझ्या मुली त्यावरून माझी नक्कल करतात. पण दुष्काळाच्या त्या वर्षी या सवयीनंच मला उभं ठेवलं. नाहीतर मी एखाद्या आडाच्या काठावर जाऊन बसले असते; आणि आडात तेव्हा पाणीही नव्हतं.

देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. घरात दोन मुली आणि सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. नवरा नांदेडच्या पुढं हदगावला, कापूस खरेदी केंद्रावर कारकून. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. शाळेच्या फळ्यावरचं उस्मानाबाद पुसून मीच खडूनं लातूर लिहिलं होतं. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, आणि नव्या साहेबांना प्रत्येक कामात पहिला नंबर हवा. त्या कामांत सगळ्यात वरचं काम कुटुंब नियोजनाचं होतं. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, नर्स, सगळ्यांनी मार्चअखेर नसबंदीच्या केसेस आणायच्या. ऑपरेशनला राजी केलेला माणूस म्हणजे केस. नाही आणली तर पगारवाढ अडायची. आदल्या वर्षी मीही दोन बायकांना घेऊन गेले होते.

धाकटीच्या वेळी बाळंतपणानंतर माझं रक्त थांबेना. जीपमधून उदगीरला नेईपर्यंत खालची गोधडी भिजून जीपच्या पत्र्यावर ओघळ आला होता. तिथल्या डॉक्टरांनी बाटल्या लावल्या, मी वाचले. घरी सोडताना ते म्हणाले, "तिसरी खेप नको. पुढच्या वेळी जीप वेळेवर मिळेलच असं नाही." आम्ही सांभाळून होतो. पण सांभाळून राहणं हे काही औषध नव्हे. नवरा संक्रांतीला येऊन गेला, आणि पुढं करडईच्या तेलाची फोडणी बसली की मला ओकारी यायला लागली.

आत्याबाईंना कळलं असतं तर सगळं संपलं असतं. त्यांना नातू हवा होता. त्या वाईट नव्हत्या. रोज पहाटे विभूती लावून लिंगपूजा करायच्या आणि दोन्ही नातींच्या कपाळाला बोट टेकवायच्या. पण मागच्या दोरीवर महिन्याच्या महिन्याला कापडं वाळत पडतात का, यावर त्यांची नजर असायची. म्हणून मी कोरी कापडं धुवून वाळत घालायला लागले. गावात दोन दिवसांआड टँकर यायचा, माणशी घागर मिळायची, त्यातलं तांब्याभर पाणी मी स्वच्छ कापडावर ओतायची.

"प्यायला पाणी न्हाई अन हिला धुनं सुचतंय," आत्याबाई म्हणाल्या. "काय करलालीस गं?"

"महिन्याचं आहे, आत्याबाई."

त्यांनी दोरीकडं पाहिलं आणि आत गेल्या.

पहिल्यांदा ओळखलं नर्सबाईनं. ती उपकेंद्रावर एकटी राहायची, तोंडानं फटकळ. शाळेत मुलांना डोस पाजायला आली आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, तुमचं तोंड सांगायलंय."

"काय सांगतंय?"

"तेच. कितवा?"

मी रडले. ती घाईघाईनं म्हणाली, "घाबरताव कशाला? कायदा हाय आता. सरकारी दवाखान्यात फुकट होतं. चोरीचं काम न्हाई."

कायदा आहे हे मला ठाऊक होतं. लातूरच्या बसस्टँडसमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं मी वाचलं होतं: गर्भपात आता कायदेशीर, सरकारी रुग्णालयात मोफत सोय. निम्म्या अक्षरांवर सिनेमाचा कागद चिकटवलेला होता. कायदा होऊन दहाएक वर्षं उलटली होती, पण आमच्या बाजूला तो अजून एसटीच्या टपावर बसून येत होता.

"पण शिबिरात नुसतं न्हाई करत," नर्सबाई पुढं म्हणाली. "सोबत ऑपरेशन करून घ्यावं लागतं. अन मालकाची सही. मालक लांब असले तर कागदावर आणा. अन एक सांगू का बाई? माझी एक केस कमी पडलीय. तुम्ही माझ्याच नावावर या. हेडमास्तरला बोलू नका, त्ये शाळेच्या नावावर दाखवतील."

मला ऑपरेशनचं काही वाटलं नाही. उलट बरंच होतं. मी मनात कामं लावली. सही, मग शिबिर, मग घरी काहीतरी सांगणं.

रविवारी हदगावला गेले. आत्याबाईंना सांगितलं, यांना ताप आहे असा निरोप आलाय. उदगीर, नांदेड, हदगाव, तीन गाड्या. नांदेडच्या स्टँडवर मी दोनदा ओकले. खरेदी केंद्रावर कापसाच्या गंजींमध्ये नवरा डोक्याला रुमाल बांधून उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा पडला.

"तू इथं कशी काय येऊन राहिली? पोरी बऱ्या आहेत ना?"

"पोरी बऱ्या आहेत. तुम्ही पुरते हदगावचे होऊन राहिलात."

हसला नाही. गंजीच्या सावलीत बसून मी सगळं सांगितलं. तो रुमाल सोडून केसांतला कापूस काढत राहिला. मग म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

"मला काय होईल ते नाही विचारलंत."

"ते विचारायची भीती वाटते," तो म्हणाला.

कागदावर काय लिहायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून त्यानं दोन कोऱ्या कागदांवर खाली सही केली. "ह्याच्यावर तू माझी जमीनसुद्धा विकशील."

"आधी जमीन असू तर द्या."

तेव्हा तो हसला. परतीच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीची दांडी सोडेना. कंडक्टरनं घंटी दिली, तरी तो धरून चार पावलं चालला.

शिबिर शेजारच्या मोठ्या गावी, शाळेतच होतं. वर्गातले बाक बाहेर काढून चटयांवर बायका ओळीनं झोपवल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"रक्त कुठं आहे तुमच्यात? ऑपरेशन जमणार नाही. महिनाभर लोहाच्या गोळ्या खा, मग या."

"डॉक्टर, महिन्यानं तीन महिने उलटून जातील. ऑपरेशन मी नंतर करून घेते. आधी तेवढं एक करा."

"नुसतं मी करत नाही."

"का?"

ते चिडले नव्हते, थकले होते. "बाई, मला रोज संध्याकाळी ऑपरेशनं किती झाली ते वर कळवावं लागतं. नुसत्या त्याला रकानाच नाही. कशाच्या नावावर करू? पुढची बोलवा."

गोळ्यांची पुडी घेऊन मी बाहेर आले. ऑपरेशनला रक्त कमी, म्हणून ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही, म्हणून दुसरंही नाही. आणि रक्त कमी म्हणूनच तर मला तिसरं मूल नको होतं. हे मी परतीच्या वाटेवर मनात उलटसुलट मांडून पाहिलं. कुठूनही मांडलं तरी शेवटी मीच मरत होते.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. शेजारच्या तांड्याच्या अलीकडं एक म्हातारी होती, ती पोट पाडायला काडी घालायची. मागल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिच्याकडं जाऊन आली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पोटात कळ आली, एवढंच सगळे म्हणाले. ती मुलगी परत शाळेत आली तेव्हा तिची वेणी वाकडी होती. पहिल्यांदाच तिनं स्वतः घातलेली. त्या आठवड्यात मी माझ्या थोरलीला वेणी घालायला शिकवायला बसले. काय करतेय ते लक्षात आलं तेव्हा कंगवा खाली ठेवला.

नर्सबाईनं मला बोलू नका सांगितलं आणि स्वतःच कुठंतरी बोलली. एका संध्याकाळी हेडमास्तर घरी आले, हातात नारळ.

"आई, तुमच्या सूनबाईंनी शाळेचं नाव राखलं," ते आत्याबाईंना म्हणाले. "दुसऱ्यांच्या केसेस सगळेच आणतात. ह्या स्वतः ऑपरेशनला तयार झाल्या. नव्या जिल्ह्यात आपली शाळा पहिली!"

आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कसलं आपरेशन?"

"कुटुंब नियोजनाचं."

"मास्तर, तुमाला लेकरं किती?"

"चार."

"त्यात पोरं?"

"तीन आहेत. तुमच्या आशीर्वादानं."

"मग तुमचं करा की. त्यानं बी शाळेचंच नाव निघंल."

मास्तरांनी चहा अर्धा टाकला. नारळ मात्र विसरून गेले. ते गेल्यावर आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या लेकाला एक पोरगं झाल्याबिगर तू दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. चढायचीच असली तर मी संगं असन. कुटं बी जा. मी संगं असन."

आणि तसंच करायला लागल्या. टँकरला जाताना सोबत, परसात जाताना सोबत. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पदर डोक्यावर घेऊन उभ्या. मला ओकारी यायची ती मी शाळेतच मुतारीमागं उरकायची. रोज एक दिवस कमी होत होता आणि मी काहीच करू शकत नव्हते.

तेवढ्यात कचेरीचा निरोप आला. आमची सेवापुस्तकं उस्मानाबादहून लातूरला आली होती, ज्यांच्या नोंदी अर्धवट असतील त्यांनी येऊन पाहून जावं. माझ्या नोंदी पूर्ण होत्या. अर्धवट आहेत असं मी घरी सांगितलं.

"चल," आत्याबाई म्हणाल्या. "मी बी येते. सिद्धेश्वराचं दर्शन हुईल."

पोरींना शेजारी ठेवून आम्ही दोघी लातूरच्या गाडीत बसलो. पिशवीत जुन्या साडीचे तुकडे, ब्लाउज, चटणी-भाकरी, आणि तळाशी ते दोन कोरे सह्या केलेले कागद. वाटेत मी ठरवत होते: आत्याबाईंना देवळात बसवायचं, मी कचेरीत जाते म्हणायचं. पण मग संध्याकाळी आले नाही तर? आत काही झालं तर त्यांना कोण सांगणार? त्या देवळाच्या ओट्यावर दिवे लागेपर्यंत माझी वाट बघत बसतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझं ठरवणं तिथंच थांबलं.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी मी उभी राहिले. समोरच्या डाळ मिलमधून भुसा उडत होता.

"आत्याबाई, कचेरीचं काम नाही. मला दिवस गेलेत."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. तो उजळला. भर रस्त्यात त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "शिव शिव! अन सांगितली न्हाईस व्हय गं? म्हून वाळलीस. म्हून धुनं—" आणि त्या थांबल्या. धुण्याचं त्यांना कळलं.

"मी ठेवणार नाही," मी म्हटलं. "त्यासाठीच आले."

त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात. मी आत चालायला लागले, आणि मनगट न सोडता त्याही आल्या.

तपासणीला एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "आमाला ठेवायचंय. हिला चक्कर आलीय डोक्याला."

"आजी, तुम्ही बसा. ह्यांना बोलू द्या."

मी सगळं सांगितलं. मुली, उदगीरची बाटली, शिबिर, पापणी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वेळ होती, पण फार नव्हती. मी पिशवीतून दोन्ही कागद काढून पुढं ठेवले.

"हे काय?"

"मालकांची सही."

"कशावर?"

"तुम्ही लिहाल त्यावर."

त्यांनी कागद उलटून पाहिले, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिले. "जपून ठेवा, भलत्याच्या हाती पडतील. याची गरज नाही. तुम्ही सज्ञान आहात. कायद्याला तुमची सही पुरते."

वाचणाऱ्याला वाटेल मला आनंद झाला. मला दरदरून घाम आला. लग्नानंतर माझ्या एकटीच्या सहीवर पगाराशिवाय काही झालं नव्हतं. नवऱ्याची सही म्हणजे मला वाटत होतं, काही झालंच तर कोणीतरी जबाबदार असेल.

"आणि मी मेले तर?" मी विचारलं.

"जोखीम आहे. रक्त कमी आहे तुमचं. पण नऊ महिन्यांनी जी आहे तिच्यापेक्षा ही पुष्कळ कमी."

"आणि ऑपरेशन?"

"या तब्येतीला? नाही. पुढं कधी तुम्हाला वाटलं तर."

"मेली तर म्हंजी?" आत्याबाई एकदम म्हणाल्या.

"आजी, धाकटीच्या वेळी तुम्ही सोबत होतात?"

त्या जीपमध्ये माझं डोकं आत्याबाईंच्याच मांडीवर होतं. ती गोधडी त्यांनीच नंतर नदीवर नेली होती आणि धुतल्यावरही घरात आणली नव्हती. माझ्या मनगटावरचा त्यांचा हात सैल झाला. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

मी सही केली. पोरांची अक्षरं गिरवून घेणारी मी, माझंच नाव ओळीच्या खाली घसरलं.

आतल्या खोलीच्या दारात सिस्टरनं बांगड्या, मणी, सगळं काढायला सांगितलं. मग तिचं लक्ष माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं गेलं. "हे पण."

त्या डबीत माझं इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते जन्मल्यावर बांधतात आणि मातीत जाताना सोबत जातं. मधे अंगावरून उतरवायचं नसतं. बाळंतपणातही मी ते उतरवलं नव्हतं.

"सिस्टर, हे नाही निघत."

"धातू चालत नाही बाई. डॉक्टर मला बोलतील."

माझा धीर तिथं सुटला. त्या दारात मी चौकटीला धरून उभी राहिले आणि पाय पुढं जाईनात. आत लोखंडी टेबल दिसत होतं, मागं सिस्टर घाई करत होती. लिंग उतरवून आत गेले तर मी परत येणार नाही, असं मला अगदी खरं वाटायला लागलं.

"सरक," मागून आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या गळ्यातली डबी उघडली, लिंग ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं. मग दातांनी स्वतःच्या पदराची कड फाडली, त्यात ते गुंडाळलं आणि माझ्या डाव्या दंडाला घट्ट बांधलं.

"ह्यात धातू न्हाई," त्या सिस्टरला म्हणाल्या. "दंडाला चालंल का बाई?"

सिस्टरनं आत पाहिलं, मग मान हलवली. आत्याबाईंनी डबी आपल्या कमरेला खोचली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. गाठ तेवढी पुन्हा एकदा ओढून बघितली.

त्यानंतरचं मला फार सांगता येत नाही. दुखलं. वर पंखा होता, तो फिरत नव्हता. डॉक्टरीणबाई मधूनमधून माझं नाव घेऊन विचारत होत्या, ऐकू येतंय का? आणि मी हो म्हणत होते, कारण हो म्हणायचं थांबले तर त्या घाबरतील असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. रक्त जास्त वाटलं तर लगेच परत या, असं दोनदा बजावून. मला चक्कर येत होती. स्टँडवर आत्याबाईंनी कंडक्टरला दरडावलं, "मागं बसवू नको तिला, मागं लई आदळतं. पुढची शीट दे."

"आजी, पुढची राखीव आहे, आमदारांची."

"आलाय का आमदार? आला की मी उठते."

आम्ही पुढं बसलो. गावं सरकत होती. रानात हिरवं काही नव्हतं, एका ठिकाणी रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडत होत्या. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग तशाच, बाहेर बघत, हळू आवाजात म्हणाल्या,

"पोरगा व्हता का?"

"इतक्यात कळत नसतं, आत्याबाई."

"डाक्टरणीला बी?"

"कोणालाच."

पुढचा थांबा येऊन गेला. माणसं चढली, उतरली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाय वर घे. लोंबकळत ठिवू नको."

मी पाय वर घेतले. गाडी आदळली की मी पदराखाली हात घालून साडी ओली झाली का ते चाचपत होते. आणि दर वेळी मी हात बाहेर काढला, की माझ्या आधी त्या माझ्या बोटांकडं बघत होत्या.